पाय मुरगळल्यानंतर पुन्हा फिरायला निघताय? मधुमेह असेल तर या चुका टाळा

मधुमेह असलेल्या माणसाचा घोटा मुरगळला की सगळ्यांचे लक्ष सुजेकडे जाते. त्याच वेळी दुसरेही काही घडत असते. फिरणे बंद पडते, चार-सहा आठवड्यांत साखर चढते आणि गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस वाढतो. पुढे सूज उतरते, घोटा बरा वाटतो आणि माणूस पूर्वीच्याच वेळेला, पूर्वीच्याच रस्त्यावर, पूर्वीइतकेच चालायला निघतो. पण आता पायही पूर्वीचा नसतो आणि औषधही पूर्वीचे नसते. खालच्या बहुतेक चुका या एका विसराळूपणातून होतात.

इथे टाइप २ मधुमेह आणि पाऊल आत वळून बाहेरच्या बाजूला मुरगळलेला घोटा एवढेच गृहीत धरले आहे. टाइप १ असेल तर साखरेचे आणि कीटोनचे (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागले की रक्तात साठणारे आम्ल) हिशेब वेगळे असतात. ते आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावेत.

‘नुसते मुरगळले आहे’ असे घरीच ठरवून टाकणे

फ्रॅक्चरची शंका कधी घ्यायची याच्या साध्या खुणा आहेत. दुखापत झाल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावले टाकता येत नाहीत. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या टोकाला, अथवा त्याच्या मागच्या कडेवर खालच्या ६ सेंटीमीटरमध्ये दाबले की दुखते. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मध्यावर जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो तिथे, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखते. यातली एक खूण असली तरी एक्स-रे काढावा.

मात्र या खुणा दुखण्यावर आधारलेल्या आहेत. पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींमध्ये फ्रॅक्चर असूनही माणूस चालत दवाखान्यात येऊ शकतो. म्हणून संवेदना कमी असेल तर खुणा पाहत बसू नका, एक्स-रे काढून घ्या.

याहून घातक चूक म्हणजे पाय लाल, सुजलेला आणि गरम आहे पण फारसा दुखत नाही, म्हणून निर्धास्त राहणे. हा शार्को फूट असू शकतो. यात पावलाची हाडे आणि सांधे आतून खचत जातात आणि सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये काही दिसेलच असेही नाही. दोन्ही पावलांवर एकाच जागी हाताची मागची बाजू ठेवून पाहा. एक पाय दुसऱ्यापेक्षा सरळसरळ गरम लागत असेल (दवाखान्यात मोजल्यावर २ अंश सेल्सिअसहून जास्त फरक) तर चालणे त्याच दिवशी थांबवा आणि मधुमेही पायांचे तज्ज्ञ किंवा ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठा. अशा पायावर ‘हळूहळू सवय होईल’ म्हणत चाललेले प्रत्येक पाऊल पायाचा आकार कायमचा बिघडवू शकते.

‘दुखले की थांबेन’ यावर विसंबणे

निरोगी माणसाला हा सल्ला चालतो. दहापैकी तीनपर्यंत दुखणे चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाच्या पातळीवर आलेले हवे. मात्र यासाठी पायाने खरे सांगायला हवे. ते सांगतो का, हे घरीच तपासता येते. डोळे मिटून बसा. घरातल्या कोणाला तरी दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटे आणि करंगळ्या अशी सहा टोके एकेक करून, उलटसुलट क्रमाने, बोटाच्या टोकाने अगदी हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करायला सांगा. दाबायचे नाही, घासायचे नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही, तर संवेदना कमी झाली आहे असे धरा आणि डॉक्टरांकडून १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (नायलॉनच्या बारीक तंतूने) तपासून घ्या.

संवेदना कमी असेल तर दुखण्याऐवजी सूज मोजा. शिंप्याची टेप घ्या, घोट्याच्या हाडांच्या लगेच वर पेनाने खूण करा आणि रोज सकाळी उठल्यावर आणि झोपण्याआधी तिथलाच घेर लिहून ठेवा. संध्याकाळी थोडी सूज येणारच. ती रात्रीत उतरते का, हे महत्त्वाचे. सकाळीही घेर वाढलेला दिसला तर आदल्या दिवसाचे चालणे जास्त झाले होते.

शेक, लेप आणि मळून घेणे

आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप लावायला हरकत नाही असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. लेपाने त्वचा सोलली नाही तोवर ते ठीकही आहे. अडचण येते ती गरम लेप, त्यावर घट्ट पट्टी आणि वरून गरम पाण्याची पिशवी असा थर चढला की. बधिर पायाला चटका कळत नाही, फोड आलेला सकाळी मोजा काढताना दिसतो आणि घोट्याची मुरगळ राहते बाजूला, दोन महिने जखमच सांभाळावी लागते. बर्फालाही हेच लागू आहे. संवेदना चांगली असेल तर फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटे ठेवा. संवेदना कमी असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर बर्फ टाळाच, पाय उशीवर उंच ठेवा आणि क्रेप बँडेज बांधा. बँडेज बोटांकडून वर बांधत जायचे, वरच्या भागात सैल ठेवायचे आणि झोपताना काढायचे. रक्तपुरवठा कमी असल्याचे माहीत असेल तर बँडेजही विचारूनच बांधा.

तेल लावून घोटा ‘बसवून’ घेणे पहिल्या काही दिवसांत तरी नकोच. ताणलेले लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) बसवण्याची गोष्ट नसते. मळल्याने आतला रक्तस्राव आणि सूज वाढते.

गोळी तीच ठेवून चालणे वाढवणे

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे. नेहमीचे दृश्य असे: सकाळी सहाला उठून ग्लिमेपिराइडची गोळी, बिनसाखरेचा चहा आणि मग ‘आधी फिरून येतो, नाश्ता नंतर’. आराम चालू असताना डोस वाढलेला असतो आणि आज पहिल्यांदाच स्नायू साखर ओढू लागतात. पाऊण तासाने घाम फुटतो, हात थरथरतात, पाय लटपटतात. लटपटत्या पायाने घोटा पुन्हा मुरगळतो आणि सगळे मुळापासून सुरू.

हा धोका सगळ्या गोळ्यांचा सारखा नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिन यांनी जाते. म्हणून फिरणे सुरू करण्याच्या आठवड्यात डॉक्टरांना एवढेच विचारा: ‘आराम चालू असताना वाढवलेला डोस आता कमी करायचा का, आणि किती साखरेला?’ स्वतःहून गोळी अर्धी करू नका, बंदही करू नका.

पहिले दोन आठवडे चालण्याआधी आणि चालून आल्यावर ग्लुकोमीटरने साखर बघा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल आणि चालण्याआधी साखर ९० च्या खाली असेल, तर आधी साधारण १५ ग्रॅम कर्बोदके खा, म्हणजे एक छोटा फुलका किंवा अर्धे मोठे केळे. २५० च्या वर असेल पण बरे वाटत असेल, तर पाणी पिऊन हळू चाला, जोर नको. ३०० च्या वर असेल, किंवा मळमळ, उलटी, अंगात कणकण असेल, तर त्या दिवशी चालणे नाही. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना मळमळ, पोटदुखी आणि धाप एकत्र जाणवली तर साखर फार चढलेली नसली तरी दवाखान्यात जावे. या गोळ्यांवर असताना कीटोन वाढण्याचा धोका असतो.

साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून प्या, म्हणजे चहाचे तीन शिगोशीग भरलेले चमचे. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, वर आली नसेल तर पुन्हा तेवढेच घ्या. खिशात बिस्किटे किंवा चॉकलेट ठेवणारे पुष्कळ असतात, पण त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. आणखी एक बारीक गोष्ट फार थोड्यांना सांगितली जाते. तुमच्या गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असे लिहिले असेल (ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज तिन्ही एकत्र असलेली गोळी आपल्याकडे बरेच जण घेतात), तर घरातली साखर किंवा गूळ वेळेवर काम करणार नाही. साखरेचे तुकडे करणाऱ्या विकराचेच काम ही औषधे मंदावतात. अशांनी ग्लुकोज पावडरचीच पुडी खिशात ठेवावी.

सावरल्यावर लगेच नाश्ता करा. ग्लिमेपिराइडचा परिणाम बरेच तास टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते. अशा वेळी घामावर लक्ष ठेवा. इन्सुलिन मांडीत घेऊन लगेच चालायला जाऊ नका, ते लवकर शोषले जाते. त्या वेळचे इंजेक्शन पोटावर घ्या. चतुर्थी-एकादशीच्या उपवासाला ही औषधे कशी घ्यायची ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, आणि तोवर त्या दिवशी चालणे वाढवू नका.

चालण्याची वेळ मुळातच बदललेली बरी. सकाळी उपाशीपोटी एकदम ४० मिनिटे चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर थोडेथोडे चाला. जेवणानंतर चढणारी साखर त्याने खाली राहते आणि घोट्यावर एका वेळी भारही कमी पडतो. पहिला आठवडा ५-५ मिनिटे, घराच्या आवारात किंवा सपाट रस्त्यावर. मग दर तीन-चार दिवसांनी प्रत्येक वेळेत २ मिनिटे वाढवा. १०-१० मिनिटांवर आलात की दिवसाची ३० मिनिटे झाली, आणि आठवड्यातून पाच दिवस केली की १५० मिनिटांचे लक्ष्य पुरे झाले. चढ, वाळू, दगडांची पायवाट हे सगळे त्यानंतर.

नुसते चालत राहणे

मुरगळलेल्या घोट्याला पुन्हा मुरगळण्याची खोड लागते. लिगामेंट फाटते तेव्हा पाय कुठे आणि किती वळला आहे हे मेंदूला कळवणारी जाणीवही बिघडते, आणि नुसत्या चालण्याने ती परत येत नाही. मधुमेहात स्नायुबंध (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आधीच थोडे ताठर झालेले असतात, त्यामुळे पोटरीकडेही वेगळे लक्ष द्यावे लागते.

- पोटरीचा ताण: भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, टाच जमिनीवर. ३० सेकंद, तीन वेळा.
- टाचा उचलणे: ओट्याला धरून दोन्ही पायांवर, १० चे तीन फेरे. वर जायला दोन सेकंद, खाली यायला तीन. सहज जमू लागले की एका पायावर.
- रबर बँड: पाऊल बाहेरच्या बाजूला ओढायचे, १२ चे तीन फेरे. घोट्याला आत दुमडण्यापासून वाचवणारे स्नायू हेच.
- एका पायावर उभे राहणे: कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना भिंत ठेवून, ३० सेकंद, तीन वेळा. संवेदना कमी असेल तर डोळे मिटून करू नका आणि शेजारी माणूस असू द्या.

घोटा किती मोकळा झाला ते भिंतीशी कळते. पावलाचा अंगठा भिंतीपासून थोडा लांब ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा आणि पाऊल हळूहळू मागे सरकवत जायचे. दोन्ही पायांच्या अंतरात २ सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर अजून जिने भरभर उतरू नका.

मांडी घालून बसणे मात्र अजून काही दिवस टाळा. त्यात पाऊल खाली आणि आत वळते, म्हणजे मुरगळले होते त्याच दिशेने, आणि घोट्याचे बाहेरचे हाड फरशीवर टेकून राहते. बधिर पायाला तिथे घट्टा पडतो आणि त्याखाली जखम होते. सूर्यनमस्कारात मागच्या पायाच्या चवड्यावरचा भार आणि उडी घेऊन पाय बदलणे शेवटी आणा. डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या असल्याचे सांगितले असेल, तर डोके खाली करणे आणि श्वास कोंडून जोर लावणे दोन्ही बंद.

मागचा पट्टा नसलेली चप्पल

बिनपट्ट्याची चप्पल पायात टिकवायला बोटे आवळावी लागतात आणि घोटा डुगडुगतो. टाचेला घट्ट कप असलेले, लेसचे बूट घ्या. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. घालण्याआधी प्रत्येक वेळी बूट उलटा करून झटका, आत हात फिरवून खडा किंवा वर आलेली शिवण चाचपा. पांढरे सुती मोजे वापरा, रक्ताचा डाग लगेच दिसतो. हिरवळीवर अनवाणी चालल्याने साखर उतरते हा समज सोडून द्या. मंदिरातली तापलेल्या फरशीवरची अनवाणी प्रदक्षिणाही उन्हे उतरल्यावर, नाहीतर मोजे घालून.

चालण्याआधी दुखण्याची गोळी

डायक्लोफेनॅक किंवा असिक्लोफेनॅक घेऊन चाललात तर पाय काय सांगतोय ते ऐकूच येत नाही. शिवाय मधुमेहात मूत्रपिंडे आधीच ताणाखाली असू शकतात. त्यात टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी एकत्र चालू असेल, तर या वेदनाशामकांनी मूत्रपिंडे अचानक बिघडू शकतात. घोट्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर पुढचे काही दिवस साखर चढलेली दिसेल. तिला घाबरून जास्तीचे चालू नका.

मध्येच काही बिघडले तर

ठरावीक अंतर चालले की पोटरीत गोळा येतो आणि उभे राहिल्यावर दोन-चार मिनिटांत जातो. हे घोट्याचे दुखणे नव्हे, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची खूण आहे. तपासून घ्या.

प्लास्टर किंवा बराच आराम झाल्यानंतर एकच पोटरी सुजली, दुखू लागली तर ती चोळू नका. आत गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत अचानक धाप लागली तर थेट इस्पितळ. चालताना छातीत, जबड्यात दडपण किंवा कधी नव्हे इतका थकवा आला तरी तसेच. मधुमेहात हृदयाचे दुखणे ठळकपणे जाणवेलच असे नाही.

ताप-सर्दीने आठवडाभर खंड पडला तर आधीच्या आठवड्याच्या मिनिटांवर या. दोन आठवड्यांहून जास्त गेले असतील तर पुन्हा ५-५ मिनिटे, आणि त्या पहिल्या दिवशी चालण्याआधी आणि नंतरची साखर पुन्हा वहीत लिहा.