माळावर हरणांसाठी गवत कसं लावावं

पुणे-अहिल्यानगरच्या सुपे, कर्जत, रेहेकुरीकडे पडीक जमीन आहे आणि तिथे चिंकारा, काळवीट चरावेत असं वाटतंय, तर मका-ज्वारी पेरायच्या फंदात पडू नका. ते पीक एका हंगामात संपतं, शिवाय रानडुकरं आधी हजर होतात. कमी पावसात तग धरणारं, दरवर्षी फुटणारं गवतच हवं: मारवेल, पवन्या, डोंगरी, आणि रेताड जागी अंजन.

आधी माळ नीट फिरून पाहा. सगळीकडे कुसळीच दिसत असेल तर चराई फार झालीये. गुरं-मेंढरं गोड गवत आधी संपवतात, मागे उरते कुसळी. पण मधूनमधून मारवेलाचे ठोंब जिवंत असतील तर पेरू नका, नांगर तर अजिबात घालू नका. दोन-तीन पावसाळे चराई थांबवली की बरंचसं गवत आपलं आपण सावरतं. पेरणी फक्त उघड्या पडलेल्या किंवा पूर्वी कसलेल्या तुकड्यांवर करायची.

त्यासाठी बी जवळच्याच माळावरचं, मालकाला विचारून, ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोळा करा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवा. ताजं बी नीट उगवत नाही, पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते मुरावं लागतं. एकरी दोन-तीन किलो पुरतं. हे बी हलकं आणि लवदार, वाऱ्यावर उडून जातं. म्हणून ओलसर माती नि चाळलेल्या शेणखतात कालवायचं. जून-जुलैत दमदार पाऊस झाला की कुळवाची उथळ पाळी घालून हाताने विखरत फोकायचं आणि वरून बोरीची फांदी ओढायची. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल गाडू नका. मारवेलाचे मुळासकट ठोंब मिळाले तर बियांपेक्षा तेच बरे: दीड-दोन फुटांवर, एका जागी दोन.

टाकळा, गाजरगवत फुलायच्या आत उपटा. सुबाभूळ, गिरिपुष्प अशी झाडं लावायचा मोह टाळा. काळविटाला लांबवर दिसणारं मोकळं रान लागतं.

पेरलेल्या तुकड्यांवर पहिलं वर्ष चराईबंदी. काटेरी तार मात्र नको, हरणं तिच्यात अडकतात. त्यापेक्षा दरवर्षी तिकडून जाणाऱ्या मेंढपाळांशी आधीच बोलून घ्या आणि बी झडल्यावर कापलेल्या गवतातला वाटा त्यांना द्या. गायरानावर हे करायचं तर ग्रामपंचायतीची परवानगी लागेल. वनखात्याच्या जमिनीवर परस्पर काहीही करू नका. आसपास बिनकठड्याची विहीर असेल तर गवताआधी तिला कठडा बांधा.

दुसऱ्या वर्षापासून कापणी बी झडल्यावरच, नोव्हेंबर-डिसेंबरात, तीही तुकड्या-तुकड्यांनी. अर्धं उभं गवत ससे, चंडोल आणि पाडसांच्या आडोशासाठी सोडा. उन्हाळ्याआधी वणवा अडवायला कडेने गवत साफ करून जाळरेषा काढा, रस्त्याच्या बाजूने जरा रुंदच.