शाळेचं कलाकेंद्र झालं, तर तिचा इतिहास लिहायचा कसा

आमच्या कलाकेंद्राचा इतिहास लिहायला घेतला आणि मी कोनशिलेपाशीच फसलो. तिच्यावरचं साल म्हणजे शाळा सुरू झाल्याचं साल, असं धरून फलकही रंगवून घेतला. मग जुनं जनरल रजिस्टर हाती लागलं. त्यात पहिलं नाव दाखल झालं होतं दोन वर्षांनी! कोनशिला पाया घालताना बसते, वर्ग छप्पर चढल्यावर भरतात. फलक परत रंगवला.

तेव्हा आधी रजिस्टरं शोधा. शेरेबुक, म्हणजे तपासणीला आलेल्यांच्या शेऱ्यांची वही, बघाच, पण डेडस्टॉकची, म्हणजे शाळेतल्या सामानाच्या नोंदीची, वही सोडू नका. बाकं किती होती, पेटी कधी आली, कधी निर्लेखित झाली म्हणजे नोंदीतून काढली, हे दुसरीकडे कुठेच सापडत नाही.

मग बॅटरी घेऊन जमिनीवर बसा. उजेड आडवा टाकला की बाकं ठोकलेल्या स्क्रूची बुजवलेली भोकं दिसतात. आमच्या नृत्याच्या खोलीत ती ओळीने निघाली आणि सगळ्या मोठ्या खिडक्या बाकांच्या डाव्या हाताला. हा योगायोग नव्हे. उजव्या हाताने लिहिताना वहीवर सावली पडू नये म्हणून उजेड डावीकडून घेत. लंडनमध्ये 1870 नंतर शाळा बांधणारे ई. आर. रॉबसन याबाबत फार काटेकोर होते. खिडक्यांवरून फळ्याची भिंत ओळखता येते.

बहुतेकजण गाळतात ती मधली रिकामी वर्षं. न्यूयॉर्कची पी. एस. 1 ही शाळा 1963 साली बंद पडली, तिथे कलाप्रदर्शन भरलं ते 1976 साली. क्योटोची मेरिन प्राथमिक शाळा 1993 साली बंद झाली, कलाकेंद्र उघडलं 2000 साली. मधल्या काळात चाव्या कोणाकडे होत्या, आत काय साठवलं होतं, पाडायचं कोणी म्हटलं, हे विचारा. इमारत का वाचली ते तिथेच कळतं.

माजी विद्यार्थ्यांना ‘आठवणी सांगा’ म्हणू नका, ठरावीक भाषण ऐकावं लागतं. त्यांना खोलीत न्या आणि विचारा, ‘तुमचा बाक कुठे?’ एक आजी कुंभारकामाच्या चाकाशी थबकल्या. म्हणाल्या, ‘मला उभं करायचे तो कोपरा हा.’ रेकॉर्डर मात्र दारातच चालू करा. माझा तेव्हा पिशवीत होता.

नव्या फलकावर चार सालं आहेत. बंद काळात चाव्या सांभाळणाऱ्या शिपायांचं नाव घालणार होतो. ते म्हणाले, ‘नाव नको, नुसतं शिपाई लिहा.’ तसंच लिहिलं.