संकटकाळी स्तोत्रे कशी वाचावीत: गाऱ्हाण्यापासून स्तुतीपर्यंत

घरावर दुःख कोसळले की भेटीस येणारी मंडळी बहुधा बायबलमधील स्तोत्रसंहिता या ग्रंथातले तेविसावे स्तोत्र वाचतात आणि लगेच, "देवाची स्तुती करा, सर्व ठीक होईल," असे सांगतात. हेतू चांगला असतो. परंतु स्तोत्रसंहितेची स्वतःची रीत अशी घाईची नाही. हिब्रू भाषेत या ग्रंथाचे नाव 'तहिल्लीम', म्हणजे स्तुतिगीते, असे आहे, आणि तरीही त्यातील 150 स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक विलापाची आहेत. ज्यांनी हा संग्रह जुळवला त्यांना रडणेदेखील उपासनेतच बसते असे वाटत होते. म्हणून दुःखात स्तोत्रे हाती घेताना पहिल्याच दिवशी आनंदाची स्तोत्रे शोधू नयेत.

सुरुवात तेराव्या स्तोत्रापासून करावी. त्यात अवघी सहा वचने असल्यामुळे थकलेल्या मनालाही ते पेलते. पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो: देवाने कोठवर विसरावे, कोठवर मुख लपवावे, जिवाने कोठवर चिंता वाहावी आणि शत्रूने कोठवर वरचढ व्हावे. ही दोन वचने मोठ्याने वाचून थांबावे आणि आपला स्वतःचा "कोठवर?" त्यांना जोडावा, मग तो नोकरीचा असो, आजाराचा असो, की मुलाच्या अबोल्याचा. वाक्य सुंदर होण्याची गरज नाही, ते खरे असले म्हणजे झाले. देवाशी असे बोलणे अनेकांना उद्धटपणाचे वाटते. खरे तर जनाबाई आणि तुकाराम विठ्ठलाशी कसे भांडले हे ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला याचे नवल वाटू नये.

तिसऱ्या आणि चौथ्या वचनांत मागणे आहे: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझ्या डोळ्यांना प्रकाश दे. येथे आपले मागणे नेमक्या शब्दांत सांगावे. "सर्वांचे भले कर" ही प्रार्थना चुकीची नाही, पण रात्री तीन वाजता छातीवर जे ओझे असते ते तिच्यात मावत नाही.

पाचव्या वचनात स्तोत्र वळते. शत्रू पळाला किंवा दुखणे बरे झाले असे मध्ये कोठेही सांगितलेले नाही, परिस्थिती होती तशीच आहे. तरीही स्तोत्रकर्ता "पण मी" असे म्हणून देवाच्या दयेवर आपण भरवसा ठेवल्याचे सांगतो आणि गाण्याचा निश्चय करतो. भरवसा म्हणजे मनाला बरे वाटणे असे आपण समजतो, म्हणून बरे वाटत नसताना स्वतःला अविश्वासी ठरवतो. या स्तोत्रात मात्र भरवसा हा मोडक्या मनानेही घेता येणारा निर्णय आहे. तो "पण" उच्चारण्याइतके बळ आज नसेल, तर चौथ्या वचनापाशीच थांबावे आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून वाचावे.

काही दिवस असे येतात की वळण सापडतच नाही. त्या दिवसांसाठी 88 वे स्तोत्र आहे. ते अंधारातच संपते. शेवटी आशेची एकही ओळ नाही. तरीही त्याचा आरंभ देवाला तारणारा म्हणून हाक मारण्याने होतो, आणि एवढा विश्वासही पवित्र शास्त्रात नोंदवण्याजोगा मानला गेला.

वळण येण्यास उशीर होत असेल तर 77 वे स्तोत्र आठवणीची वाट दाखवते. देव दया करायला विसरला काय, असे विचारून झाल्यावर या स्तोत्राचा कर्ता आसाफ देवाची जुनी कृत्ये आठवू लागतो आणि इस्राएल लोकांसाठी समुद्रातून निघालेल्या वाटेपर्यंत येतो, जेथे देवाची पावले मात्र कोणाला दिसली नाहीत. हे मला फार प्रामाणिक वाटते. एका वहीत आपल्या आयुष्यातील अशा तीन-चार घटना तारखेसह लिहून ठेवाव्यात, ज्या घडताना देव दिसला नाही, पण मागे वळून पाहता वाट निघालेली दिसली. 136 व्या स्तोत्रात देवाची दया सनातन असल्याचे सव्वीस वेळा म्हटले आहे. त्याच चालीवर वहीतील प्रत्येक घटनेनंतर ते वाक्य मोठ्याने म्हणावे. स्तुतीची सवय याने लागते.

स्वतःच्या मनाशी बोलण्याचा पाठ 42 आणि 43 या स्तोत्रांत मिळतो. "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" हा प्रश्न तेथे तीनदा येतो, म्हणजे एकदा विचारून मन ऐकत नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक होते.

सूडाची भाषा असलेली 109 सारखी स्तोत्रे पुष्कळजण गाळतात. ज्यांच्यावर खरोखर अन्याय झाला आहे त्यांनी ती गाळू नयेत. राग देवाच्या हवाली केला की तो आपल्या हातांनी फेडण्याची गरज कमी होते.

भाषा जड वाटत असेल तर सोपा अनुवाद घेण्यात कमीपणा नाही. साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते याच गरजेपोटी.

झोप न येणाऱ्या रात्रीसाठी 130 वे स्तोत्र ठेवावे. पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांचा उल्लेख त्यात लागोपाठ दोनदा येतो. रुग्णाच्या उशाशी बसायचे असेल तर 121 वे वाचावे. त्यात आठच वचने आहेत आणि मूळ हिब्रूत राखण करण्याचा शब्द सहा वेळा आला आहे. ते हळू आवाजात, रुग्णाचे नाव मध्ये गुंफून वाचावे, एकाच स्तोत्रावर थांबावे, आणि त्यानंतर उपदेश न करता काही वेळ नुसता हात धरून बसावे.