बाळहिरडा: तोडणी, वाळवण आणि घरगुती वापर

जुन्नर, आंबेगाव आणि अकोले तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हिरडा राखत आली आहेत. तो त्यांचे औषधही आहे आणि उन्हाळ्यातील रोकड पीकही. आठळी धरण्यापूर्वी उतरवलेले कोवळे फळ म्हणजे बाळहिरडा.

आधी झाड नीट ओळखावे. हिरड्याची पाने बहुधा समोरासमोर येतात आणि देठाच्या टोकाशी, पान सुरू होते तेथे, दोन बारीक गाठी असतात. बेहड्याची पाने मात्र फांदीच्या शेंड्याला झुबक्याने येतात व त्याचे फळ गोलसर, मखमली लवेचे असते. ओळखीबाबत शंका असल्यास गावातील जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय फळ पोटात घेऊ नये.

तोडणी उन्हाळ्यात, पावसाळा लागण्यापूर्वी करावी. फळे हाताने किंवा आकडीने उतरवावीत. घाईत फांद्या छाटणाऱ्याला पुढील हंगामातील फळही गमवावे लागते, आणि एवढे मोठे झाड पुन्हा उभे राहायला एक पिढी जाते. काही फळे झाडावरच पिकू द्यावीत, कारण रोपे त्यांच्याच बियांपासून होतात.

खरी कसोटी वाळवणीची असते. उतरवलेली फळे त्याच दिवशी तापलेल्या कातळावर किंवा सारवलेल्या खळ्यावर एकेरी थरात पसरावीत, दिवसातून दोनतीनदा हलवावीत आणि संध्याकाळी गोळा करून झाकावीत, कारण वळवाची एक सर लागली तरी मालाला बुरशी धरते. फळे काळी, सुरकुतलेली आणि दगडासारखी टणक झाली, मुठीत हलवल्यावर खडखड वाजू लागली, की वाळवण पूर्ण झाले असे समजावे. माल कोरड्या गोणपाटात, जमिनीपासून उंच ठेवावा. बुरशी आलेली फळे धुऊन वापरू नयेत, टाकूनच द्यावीत.

बद्धकोष्ठावर बाळहिरडे थोड्या तुपात किंवा एरंडेलात मंद आचेवर फुलेपर्यंत परततात, गार झाल्यावर कुटतात आणि किंचित सैंधव मिसळून ठेवतात. आठळी धरलेली नसल्याने ते अख्खे कुटता येतात. पिकलेल्या हिरड्याची आठळी काढून केवळ साल घ्यावी लागते. मोठ्या माणसाने रात्री कोमट पाण्याबरोबर 3 ग्रॅमच्या आत चूर्ण घ्यावे आणि काही दिवसांत फरक न पडल्यास दवाखाना गाठावा. घसा धरल्यास हिरड्याचा तुकडा तोंडात धरतात. तोंड आले असता त्याच्या काढ्याने चुळा भरतात, कारण त्यातील तुरट द्रव्यांमुळे तोंडातील नाजूक त्वचा आकसते.

गरोदर स्त्रियांनी, जुलाब किंवा अशक्तपणा असलेल्यांनी आणि नियमित औषधे चालू असणाऱ्यांनी वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय हिरडा घेऊ नये. सहाणेवर उगाळून बाळगुटीत देण्याची चाल जुनी असली, तरी सहा महिन्यांखालील बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.