जुनं बिल कमी का होतं, ते आधी विचारा

सरकारी इमारतींच्या वातानुकूलनाची आणि वीजबचतीची कामं घ्यायला जे नव्याने उतरताहेत, त्यांच्यासाठी लिहितेय. डिजिटल सही, महाटेंडर्स आणि जेम ही सरकारी खरेदीची संकेतस्थळं, तांत्रिक आणि दराचा असे दोन लिफाफे, बयाणा म्हणजे निविदेसोबतची अनामत, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरते. बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेत एखादं काम केलं असेल, तर मोजमाप पुस्तिका आणि मार्चअखेरची धावपळसुद्धा नवी नसेल. मला सांगायचंय ते वेगळं आहे. ते कळायला मला चौदा महिने लागले आणि त्या काळात आईच्या पाटल्या गहाण पडल्या. अजूनही मे महिन्यात भरदुपारी एखाद्या प्लांट रूममध्ये शिरले की पोटात गोळा येतो.

काम दक्षिण मुंबईतल्या एका सरकारी इमारतीचं होतं. १२० टनांचे (टन हे गारव्याचं माप) तीन जुने चिलर, म्हणजे इमारतीच्या गारव्यासाठी पाणी थंड करणारी यंत्रं, काढून नवे बसवायचे, पंपांना व्हीएफडी, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारी उपकरणं, लावायची, उष्णता बाहेर टाकणारा कूलिंग टॉवर बदलायचा. थोडे पैसे काम झाल्यावर, बाकीचे पाच वर्षांत वाचलेल्या विजेतून. बचत कशी मोजायची, तर मागच्या बारा महिन्यांच्या बिलांशी ताडून. बेसलाइनबद्दल, म्हणजे ज्या जुन्या वापराशी तुलना करायची त्याबद्दल, करारात एवढ्याच तीन ओळी होत्या. मी बिलांच्या झेरॉक्स घेतल्या, सरासरी काढली आणि सही केली.

काम चोख झालं, हे आजही छातीवर हात ठेवून सांगते. पण पहिलं बिल आलं ते जुन्यापेक्षा जास्त.

इथे जरा थांबा, कारण यातच मी अडकले. जुन्या तीन चिलरपैकी एक कायमचा बंद होता. दुसरा दुपारी ऊन चढलं की हाय प्रेशरवर ट्रिप व्हायचा, म्हणजे आपोआप बंद पडायचा. त्यामुळे वरच्या मजल्यांवर थंड हवा पोचतच नव्हती. लोक खिडक्या उघडून पंख्याखाली बसायचे. बिल कमी होतं, कारण इमारत थंडच होत नव्हती. आम्ही प्लांट सुरू केला आणि सगळे मजले पहिल्यांदाच २४ अंशांवर आले.

आता आकडे बघा. जुना प्लांट सरासरी १३० टन देत होता आणि पंप-टॉवर धरून टनामागे १.३ किलोवॅट खात होता, म्हणजे १६९ किलोवॅट. महिन्याचे २४० तास धरले तर ४०,५६० युनिट. नवा प्लांट २४० टन देतो आणि टनामागे ०.७५ किलोवॅट घेतो, म्हणजे १८० किलोवॅट, महिन्याला ४३,२०० युनिट. बिलावर वाढ दिसते. तोच २४० टनांचा गारवा जुन्या यंत्रांनी द्यायचा म्हटला, तर ७४,८८० युनिट लागले असते. दर महिन्याला ३१,६८० युनिट वाचत होते, पण करारातल्या तीन ओळींप्रमाणे माझी बचत शून्याच्याही खाली होती.

कार्यकारी अभियंत्यांवर माझा राग नाही. त्यांनी कागदावर होतं तेच वाचलं, लेखा शाखेनेही तेच वाचलं. शेवटी प्लांटचे ऑपरेटर काका, रात्रपाळीत एकवीस वर्षं काढलेला माणूस, मला म्हणाले, "ताई, तुम्ही बिलं मागितलीत. लॉगबुक मागितलं असतंत तर मी तेव्हाच दिलं असतं." त्या लॉगबुकात प्रत्येक ट्रिप वेळेसकट लिहिलेली होती. कोणता मजला कधी बंद, तेही होतं.

म्हणून सही करण्याआधी बिलांबरोबर लॉगबुक मागा आणि गारवा स्वतः मोजा. पाइपवर बाहेरून लावायचा अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर भाड्याने मिळतो. ताशी किती लिटर पाणी वाहतं, त्याला जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याच्या तापमानातल्या फरकाने गुणा आणि ३०२४ ने भागा, टन मिळतात. ताशी ७९,००० लिटर आणि फरक ५ अंश असेल, तर १३० टन. त्याच वेळी पॅनलवर किलोवॅट बघा. टनामागे किती किलोवॅट, हा आकडा करारात गेला पाहिजे. सोबत प्रत्येक मजल्याचं तापमान आणि आर्द्रता, आणि "गारव्याची पातळी, वापराचे तास किंवा माणसं बदलली तर बेसलाइन त्या प्रमाणात बदलेल" हे वाक्य. वीजबचत मोजायची जी आंतरराष्ट्रीय पद्धत, आयपीएमव्हीपी, तिच्यात अ, ब, क, ड असे चार पर्याय आहेत. अख्ख्या इमारतीचं बिल धरणारा पर्याय क. त्यातसुद्धा परिस्थिती बदलल्यावर आकडे जुळवून घ्यायची सोय आहे, पण ती करारात लिहावी लागते. आमच्यात लिहिलेली नव्हती.

आणि एकाच आठवड्यात मोजून मोकळं होऊ नका. मुंबईत जानेवारीत हवा कोरडी आणि सौम्य असते, प्लांट अर्ध्या जोरावर भागवतो. जुलैत पारा उतरतो, पण हवेतला ओलावा काढायलाच चिलरची बरीच ताकद जाते, आणि टॉवरमधलं पाणीही हवं तितकं थंड होत नाही. ऑक्टोबर तर विचारूच नका. निदान एक उन्हाळ्याचा आणि एक पावसाळ्याचा आकडा हाताशी असू द्या. बिलांमध्ये २०२० च्या लॉकडाउनचे महिने मिसळलेले असतील, तर ते बाजूला काढा.

हे वाचून घाबरायला होत असेल तर सांगते, वाट निघते. आम्ही प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक तिसरा पक्ष म्हणून नेमायला खात्याला राजी केलं, काकांचं लॉगबुक पुढे ठेवलं आणि बेसलाइन नव्याने मांडली. सगळे पैसे आले नाहीत, पण बरेच आले. पाटल्या सुटल्या. त्या खात्याशी माझं आजही चांगलं आहे.

बाकीचं थोडक्यात. उद्यम नोंदणी आहे म्हणजे बयाणा माफ, असं धरू नका. सूक्ष्म-लघुउद्योगांसाठीच्या केंद्राच्या २०१२ च्या धोरणातली सूट माल आणि सेवांच्या खरेदीला आहे. चिलरचा पुरवठा आणि उभारणी एकत्र घेऊन निविदा वर्क्स, म्हणजे बांधकाम-उभारणीचं काम, म्हणून निघाली, तर सूट धरून लिफाफा भरणारा तांत्रिक छाननीतच बाद होतो. एका मित्राचं असं झालेलं मी पाहिलंय. फार खाली दर टाकून काम मिळवलं, तर जादा सुरक्षा ठेव भरावी लागते आणि ते पैसे अडकून राहतात. समुद्राकडच्या इमारतीत कंडेन्सरच्या पत्र्यांना खारी हवा खाऊन टाकते. गंज रोखणाऱ्या लेपाचा खर्च दरात आधीच धरा, नाहीतर दोष दायित्वाच्या काळात, म्हणजे काम झाल्यावरचे दोष तुम्हीच दुरुस्त करायचे त्या मुदतीत, तो तुमच्याच खिशातून जाईल.

"शंभर-सव्वाशे चौरस फुटांना एक टन" हा ठोकताळा मला मनापासून नको वाटतो. घरच्या खोलीला ठीक, पण सरकारी इमारतीत त्याने गरजेपेक्षा मोठे चिलर बसतात आणि जन्मभर कमी भारावर कुथत चालतात. भाराची आकडेमोड स्वतः करा, चुकली तरी चालेल, दोनदा करा.

गुरू कोणाला करायचं? "साहेब आपल्या ओळखीचे आहेत, निविदा बसवून देतो" असं म्हणणाऱ्याला चहाही पाजू नका. मला लोहार चाळीतल्या, म्हणजे मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारातल्या, एका पॅनलवाल्याने आणि त्या रात्रपाळीच्या काकांनी जे शिकवलं, ते पैसे मोजून केलेल्या तीन दिवसांच्या कुठल्याही वर्गात मिळालं नाही. हां, ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची लेखापरीक्षक परीक्षा मात्र द्या. चार पेपर आहेत, त्यातला चौथा, उपकरणांची कामगिरी तपासण्याचा, या धंद्यात रोज लागतो. नोकरी सांभाळून, लोकलमध्ये उभ्याने वाचून पास झालेली माणसं मला माहीत आहेत. तुम्हालाही जमेल.

आता मी निविदापूर्व बैठकीला जाते तेव्हा एक प्रश्न लेखी नेते आणि त्याचं लेखी उत्तर शुद्धिपत्रकात येईपर्यंत पाठपुरावा सोडत नाही: "बेसलाइनच्या बारा महिन्यांत कोणते चिलर किती तास बंद होते आणि कोणत्या मजल्यांना थंड हवा मिळत नव्हती?" मागच्या महिन्यात एका बैठकीत हे विचारलं, तेव्हा शाखा अभियंत्यांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि मग शिपायाला लॉगबुक आणायला पाठवलं.