कोकणातली किशोर-फँटसी कशी लिहावी: आधी मुलगी, मग देवचार

फँटसी लिहायला बसलेले बहुतेक जण आधी नकाशा काढतात. मग राजघराणी, मग शस्त्रं, मग चारशे वर्षांपूर्वीचा शाप. नायिका येईपर्यंत निम्मी वही भरलेली असते आणि ती आली की तिच्या वाट्याला नुसतं ऐकून घेणं उरतं. 14 ते 18 वयाच्या वाचकांसाठी लिहिताना हा क्रम उलटा ठेवा. आधी मुलगी, मग तिला काय हवंय, मग त्याची किंमत. जादू सगळ्यात शेवटी.

वहीचं पहिलं पान पात्राला द्या आणि त्यावर चारच ओळी लिहा: तिला काय हवंय, तिला कशाची भीती वाटते, ती घरच्यांपासून काय लपवते, आणि काही झालं तरी ती काय करणार नाही. केसांचा रंग आणि आवडता पदार्थ नंतर सुचतात, नाही सुचले तरी काही अडत नाही. इच्छा मात्र डोळ्यांना दिसणारी हवी. ‘तिला स्वतःला शोधायचंय’ यावर प्रसंग उभा राहत नाही. ‘बारावी झाली की तिला पुण्याला जायचंय आणि अर्ज तिने गुपचूप भरलाय’ यावर दहा उभे राहतात. चौथी ओळ सगळ्यात कामाची, कारण कादंबरीच्या शेवटच्या पाव भागात तिला नेमकं तेच करावं लागलं पाहिजे.

उदाहरणासाठी अशी एक मुलगी घेऊ. मैथिली, वय 16, तळकोकणातली खाडीकाठची वाडी. आजोबा गावचे मानकरी, देवळात गाऱ्हाणं घालतात, म्हणजे गावाच्या वतीने देवाकडे मागणं मागतात. तिला गाव सोडायचंय. ती लपवते अर्ज. भीती ही, की आजोबांनंतर गाऱ्हाणं तिच्या गळ्यात पडेल. आणि ती कुणासमोर हात पसरणार नाही.

जादूचा नियम इच्छेवरच बेता

आता राखणदार आणा, म्हणजे गावाची राखण करणारी अदृश्य शक्ती. यालाच देवचारही म्हणतात. कोकणात राखणदाराला शीव असते. त्याचा अंमल गावाच्या हद्दीपुरता, पलीकडे दुसऱ्याचा. नियम इथेच तयार मिळतो: मैथिलीने मदत मागितली की राखणदार धावतो, पण दर वेळी तिची स्वतःची शीव एका गडग्याने, म्हणजे एका दगडी बांधाने, आत सरकते. पहिल्यांदा तिला तिठ्यापलीकडे जाता येत नाही, मग ओढ्यापलीकडे, मग पाणंदीपलीकडे. जिला बाहेर पडायचंय तिचीच जागा आक्रसत जाते. जादू केल्यावर ‘थकवा येतो’ किंवा ‘नाकातून रक्त येतं’ या किमती फुकटच्या आहेत. झोप काढली की फिटल्या. किंमत पात्राच्या इच्छेतूनच कापली गेली, तर प्रत्येक वापर हा निर्णय ठरतो.

दुसरा नियम गाऱ्हाण्याच्या रीतीतच आहे. एकाने गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. म्हणजे मैथिलीला एकटीने काही मागता येत नाही, होकार देणारा दुसरा लागतो. तो सुजय, तिच्या वर्गातला. त्याला ती गावात राहायला हवी आहे. त्याच्या प्रत्येक ‘व्हय म्हाराजा’ने तिचा जीव वाचतो आणि शीवही आत येते, आणि हे त्याला तिच्याआधी कळलेलं असतं. एवढं जमलं की खलनायक शोधत फिरावं लागत नाही. दुय्यम पात्र घडवताना एवढंच विचारा: नायिकेची इच्छा पुरी झाली तर याचं काय नुकसान? उत्तर ‘काही नाही’ असेल तर ते पात्र दुसऱ्या कुणात तरी मिसळून टाका.

नियम तीनपेक्षा जास्त नकोत आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंत ते घडताना दिसायला हवेत. आजोबांनी पडवीत बसून दोन पानं समजावून सांगायची, हा आपल्याकडचा ठरलेला घोटाळा. आजोबांना अर्धवट माहिती द्या आणि तीही थोडी चुकीची. मग मुलांना स्वतः चाचपडावं लागतं.

खरं किती, रचलेलं किती

वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावभर फिरतो, म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. यातून शिकण्यासारखं हे, की अदृश्य शक्तीची खूण झिजलेल्या वस्तूत दिसते. प्रकाशाचे झोत आणि गडगडाट यांपेक्षा टाचेकडे घासलेलं चामडं जास्त पटतं. तत्त्व घ्या, देव मात्र जसाच्या तसा उचलू नका. ज्याला रोज नारळ वाढवला जातो त्याला कथेत दुष्ट किंवा विनोदी केलंत, तर लोक दुखावतात आणि ते बरोबरच आहे. नाव, देऊळ, वाडी सगळं रचलेलं ठेवा.

कातळशिल्पांशी, म्हणजे उघड्या खडकावर कोरलेल्या जुन्या चित्रांशी, जास्त मोकळेपणाने खेळता येतं. ती कुणी आणि कशासाठी कोरली याचा पक्का उलगडा झालेला नाही. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून नावं बऱ्याच जणांच्या कानावर आहेत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, त्याच्याशेजारी उभं राहिलं तर पायाशी नुसत्या रेघा दिसतात, प्राणी दिसत नाही. पात्र रेघेवरून चालत जातं आणि आपण कशावर उभे आहोत हे त्याला उंचावर गेल्यावर कळतं, असा प्रसंग ही जागा आपणहून देते.

भरती-ओहोटीत मात्र सूट घेऊ नका, किनाऱ्यावरचा वाचक तिथेच पकडतो. ढोबळ हिशोब तिथीच्या पाऊणपटीचा. चतुर्थीला 4 ची पाऊणपट 3, म्हणजे भरती दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास, ओहोटी नऊच्या. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास आणि पाण्याला उधाण, अष्टमीला सहाच्या आसपास आणि पाणी भांगाचं, म्हणजे चढ-उतार कमी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तेव्हा पौर्णिमेच्या रात्री बाराला मुलं कोरड्या खाडीतून पलीकडे चालत गेली, हे चालणार नाही. तसंच 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. जुलैत ट्रॉलरवरचा पाठलाग लिहायचा असेल तर त्याला वेगळं कारण द्यावं लागेल.

भावना अंगावर आणा

‘मैथिलीला खूप भीती वाटली’ या वाक्यात मैथिली कुठेच नाही. त्याऐवजी:

शेवटची होडी गेली होती. मैथिलीने चपला हातात घेतल्या आणि चिखलात पाऊल घातलं. पोटरीपर्यंत गेलं. तिने सुटे पैसे मोजले, खिशात टाकले, परत काढून मोजले. आता ते कुणाला द्यायचे नव्हते.

भीतीचं नाव आलेलं नाही, तरी ती वाचकाला लागते. शेवटचं वाक्य लिहिलं की थांबा, त्याखाली खुलासा जोडू नका.

संवादात मालवणी, निवेदनात प्रमाण मराठी, ही वाटणी सहसा टिकते. पण कोण कुणाशी कसं बोलतं ते आधी ठरवा. मैथिली आजीशी मालवणीत, मुंबईच्या आतेभावाशी प्रमाण मराठीत, सुजयशी दोन्ही मिसळून. “खंय होतंस गो इतको वेळ?” “खंयच नाय.” एवढ्यात घर उभं राहतं. कंसात अर्थ देऊ नका. संदर्भ नीट असेल तर नागपूरच्या वाचकालाही कळतं आणि नसेल तर कंसानेही भागत नाही. मालवणी येत नसेल तर त्या भागातल्या माणसाकडून प्रत्येक ओळ तपासून घ्या. चुकीच्या मालवणीपेक्षा साधी मराठी परवडली.

रोजची बैठक

हिशोब असा. किशोर-कादंबरीला 54,000 शब्द भरपूर झाले. रोज 400 शब्द, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे 2,000. एकूण 27 आठवडे. मिरगाला, म्हणजे 7-8 जूनला सुरुवात केली आणि गणपतीचे दोन आठवडे सोडले, तरी डिसेंबरअखेर पहिला खर्डा हातात येतो. गणपतीत लिहायचा हट्ट धरू नका. घरात वीस माणसं असतात आणि आरत्या संपत नाहीत. त्या दिवसांत ऐकायचं काम करा: एकाच देवचाराची गोष्ट तीन घरांत विचारा आणि जिथे तिन्ही वेगळ्या पडतात ती जागा टिपून ठेवा. कथेला तिथूनच दार मिळतं.

पावसात वीज जाते हे गृहीत धरून 200 पानी वही ठेवा. उजव्या पानावर मजकूर, डावं पान रिकामं. नावं, तिथ्या, ‘शीव आता कुठवर आली’ ही नोंद तिथे. ही नोंद चुकवलीत तर विसाव्या प्रकरणात मैथिली अशा जागी उभी असेल जिथे तिला जाताच येत नाही. टंकन युनिकोडमध्येच करा. फोनवर बोलून लिहिणं निवेदनाला चालतं, पण मालवणी शब्द तो परस्पर बदलून टाकतो, म्हणून संवाद हातानेच. बैठक संपवताना प्रसंग पुरा करू नका, पुढचं वाक्य ठाऊक असताना उठा. दुसऱ्या दिवशीची पहिली वीस मिनिटं वाचतात.

खर्डा झाला की महिनाभर बाजूला ठेवा. मग पहिल्या फेरीत फक्त मैथिलीचे निर्णय वाचा. सलग दोन प्रकरणांत तिने काहीच ठरवलं नसेल, नुसतं तिच्यावर येऊन आदळलं असेल, तर त्यांतलं एक काढा. दुसरी फेरी जादूच्या नियमांची, तिसरी भाषेची. क्रम बदललात तर जे प्रकरण पुढे फेकायचंय त्याचीच वाक्यं घासत बसाल.

वाचायला पाच मुलं शोधा, त्यांतली दोन तरी कोकणाबाहेरची. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीवाल्यांच्या वाट्याला जाऊ नका, एप्रिलअखेर द्या. ‘कशी वाटली?’ विचारलंत तर सगळी ‘छान’ म्हणतील. त्यापेक्षा प्रत्येकाला पेन्सिल द्या आणि सांगा, जिथे वाचन थांबवून फोन हातात घेतला तिथे समासात रेघ मार. तिघांची रेघ एकाच पानावर आली, तर त्या पानावर नाही, आधीच्या चार पानांत शोधा. मैथिलीला काय हवंय ते तिथे कुठेतरी निसटलेलं असतं.