चार-पाच दात गेलेत आणि इम्प्लांट करायचंय? आधी या चुका टाळा

पहिली चूक हिशोबाची. पाच दात गेले म्हणजे पाच इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू, ज्यावर दात बसतात), असं गृहीत धरूनच लोक कोटेशन घेत फिरतात. ओळीने तीन दाढा नसतील तर बऱ्याचदा दोन इम्प्लांटवर तीन दातांचा ब्रिज, म्हणजे एकत्र जोडलेले दात, बसतो, आणि अख्खा जबडा रिकामा असेल तर चार ते सहा इम्प्लांटवर पूर्ण फिक्स ओळ होते. उगाच दाटीवाटीने स्क्रू मारून घेतले तर खर्च वाढतोच, वर दोन इम्प्लांटच्या मध्ये साधारण ३ मिलिमीटर हाड सोडावं लागतं ते सुटत नाही आणि मग मधली हिरडी खाली बसते. याच्या उलटही होतं, पैसे वाचवायला एकाच इम्प्लांटवर पुढे-मागे दात लटकवून घ्यायचे, किंवा एक टोक इम्प्लांटवर आणि दुसरं स्वतःच्या दातावर. स्वतःचा दात चावताना किंचित दबतो, इम्प्लांट अजिबात दबत नाही, त्यामुळे असा ब्रिज शक्यतो टाळतातच. कोणी सुचवला तर दुसरा पर्याय का नाही ते विचारा.

खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर एक मधला रस्ता आहे जो आपल्याकडे फारसा कोणी सांगतच नाही. दोन इम्प्लांट घालायचे आणि त्यावर कवळी टिचकन बसवायची. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ बसले होते, त्यांचंही मत हेच पडलं की खालच्या जबड्याला साध्या कवळीऐवजी ही पहिली पसंती असावी. आमच्या शेजारच्या काकांची खालची कवळी भाकरीचा तुकडा मोडला की जिभेवर उचलली जायची, आता ते शेंगदाण्याची चटणी पण खातात. फक्त आतली नायलॉनची रिंग काही काळाने झिजते आणि कवळी ढिली वाटायला लागते. ती बदलणं दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, पण लोक फेविक्विक लावतात! अजिबात लावू नका, कवळी आणि खालचा इम्प्लांटवरचा भाग दोन्ही वाया जातं.

आता घाईबद्दल. "तीन दिवसात फिक्स दात" अशा जाहिराती सगळीकडे दिसतात, सगळी फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, पण त्यामागची अट जाहिरातीत बारीक अक्षरातही नसते. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क या संशोधकांना १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात दिसलं की टायटॅनियमला हाड घट्ट धरतं, १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटला असे दात बसवले. सगळा खेळ त्या धरण्यावर आहे आणि त्याला वेळ लागतोच, खाली साधारण तीन महिने, वर हाड जरा भुसभुशीत म्हणून चार ते सहा. लगेच दात द्यायचे तर इम्प्लांट पहिल्याच दिवशी पुरेसा घट्ट बसायला हवा, आणि तेव्हा मिळतात ते बहुतेक वेळा टेम्पररी दात असतात. ते मिळाले म्हणून दुसऱ्या आठवड्यात चिक्की आणि सुपारी सुरू केली तर इम्प्लांट हलतो आणि हाड धरतच नाही. परदेशातून तीन आठवड्यांच्या सुट्टीत सगळं उरकायला येणाऱ्यांनी हे तिकीट काढायच्या आधी विचारावं.

उशीर करणंही तितकंच महागात पडतं. दात काढल्यावर तिथलं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, आणि समोरची दाढ रिकाम्या जागेत उतरायला लागते. वरच्या दाढांच्या जागी सायनस (नाकाच्या बाजूची हवेची पोकळी) खाली आलेलं असतं, मग ते वर उचलायची सायनस लिफ्ट, हाड भरायचं बोन ग्राफ्ट, बिल वाढत जातं. आणि नुसत्या ओपीजीवर, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या सपाट एक्सरेवर, भागवू नका. त्यात उंची दिसते, हाडाची जाडी दिसत नाही. बरेच इम्प्लांट असतील तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, काढायलाच लावा, खालच्या जबड्यातून नस जाते ती नेमकी किती खोल आहे ते त्यात कळतं.

डॉक्टरांपासून लपवायच्या गोष्टींची यादी घरोघरी सारखीच: मिश्री, तंबाखू, सिगारेट, आणि "शुगर थोडीशीच आहे". थोडीशी म्हणजे किती ते एचबीए१सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट सांगेल, तो घेऊन जा. आणि एक गोष्ट आईच्या वयाच्या बायका हमखास विसरतात, हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची आलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदाचं झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन. रोजचं औषध नाही म्हणून सांगायचं राहून जातं, पण जबड्याचं हाड भरून येण्याशी त्याचा थेट संबंध आहे. रक्त पातळ करायची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते हार्टवाल्या डॉक्टरांना ठरवू दे.

बसवून झाल्यावर काय बिघडतं? इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण हिरडी आणि हाड सडू शकतं, आणि बऱ्याचदा दुखतही नाही, म्हणून ब्रश करताना रक्त, पू किंवा वास आला तर लगेच दाखवा. ब्रिजच्या खालून बारीक ब्रश फिरेल एवढी जागा ठेवायला आधीच सांगा. रात्री दात खात असाल तर नाइट गार्ड घ्या. कॅप हलायला लागली तर बहुतेक वेळा आतला स्क्रू ढिला झालेला असतो, त्या बाजूने चावणं बंद करून जा, घट्ट करून देतात. पण आतला इम्प्लांटच हलत असेल तर तो गेला समजा, काढून हाड भरेपर्यंत थांबावं लागतं. दात बसेपर्यंत इम्प्लांटवर लावलेली हिरडीतली छोटी टोपी पडली तर डबीत ठेवा आणि त्याच दिवशी फोन करा, हिरडी पटकन मिटते. आणि भूल उतरल्यावरही खालचा ओठ बधिरच असेल तर "होईल बरं" म्हणत आठवडा घालवू नका, ताबडतोब फोन.

प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी, साइज आणि लॉट नंबरचं स्टिकर असतं, ते मागून घ्या. नागपूरला बसवलेल्या दाताचा स्क्रू पाच वर्षांनी पुण्यात ढिला झाला तर कंपनी माहीत नसताना पुण्याच्या डॉक्टरला एक्सरे बघून अंदाजानेच स्क्रूड्रायव्हर शोधावा लागतो. फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ठेवा, कागद हरवतोच.